बिनखांबांचा छज्जा

मित्रांनो, उन्हातून आला आहात, जरा टेका. तुम्ही ज्याच्या सावलीत उभे आहात तो मी, एक जुना छज्जा. विलंगरा गावाच्या मुख्य रस्त्यावर, व्हूला कॅलिगेरोस हिच्या उपाहारगृहाच्या भिंतीपासून फुटपाथच्या कडेपर्यंत मी पसरलेला आहे. इथे उन्हाळ्यात रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते. तेव्हा गावातली माणसे, कुत्री आणि गुलाबी काकाकुवेसुद्धा माझ्या आश्रयाला येतात. मात्र तिसऱ्या खांबाजवळच्या त्या बाकावर कुणी बसत नाही. बाक चांगला आहे, मोडलेला नाही. तरी माणसे भिंतीला टेकून उभी राहतात, पण तिथे बसत नाहीत. असे का, तेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म मेंढ्यांच्या लोकरीला सोन्याचा भाव होता त्या काळातला. मेंढ्यांचा मोठा मळा असलेल्या आल्फ्रेड टनब्रिज नावाच्या माणसाने हे दुकान बांधले आणि त्याच्यापुढे मला उभे केले. माझे अंग पन्हळी पत्र्याचे आणि पाय आयर्नबार्कच्या लाकडाचे. हे लाकूड इतके कठीण असते की खिळासुद्धा आत जाताना दोनदा विचार करतो. चार खांबांवर मी ऐटीत उभा होतो. खांबांना घोडे बांधले जात. शनिवारी मेंढ्या कातरणारे गडी खांबाला पाठ लावून विड्या ओढत बसत.

आल्फ्रेडची एक नात होती, इझाबेल. तिसरा खांब तिचा. एका हाताने तो धरायचा आणि गर्रकन गोल फिरायचे, हा तिचा आवडता खेळ. फिरून फिरून तिने त्या लाकडाला असा गुळगुळीतपणा आणला की सुताराच्या रंध्यालाही तो जमला नसता. दुसऱ्या कुणी पोराने हात लावला तर ती ओरडायची, "सोड! माझा आहे तो!" मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात माझ्यातल्या कशालाही 'माझे' म्हणणारी तीच पहिली. पुढे बराच काळ दुसरी कुणी भेटलीही नाही.

मग मोटारी आल्या. घोडा खांबाला पाहून थांबतो, मोटार थांबत नाही. एका शनिवारी कुणीतरी झिंगून गाडी आणली आणि शेजारच्या छज्ज्याचा खांब मोडला. नगरपालिकेने हुकूम काढला की फुटपाथवर एकही खांब राहता कामा नये. साऱ्या रस्त्याचे पाय एका आठवड्यात कापले गेले. माझ्यासाठी भिंतीच्या वरच्या कठड्यात लोखंडी सळ्या रोवल्या आणि त्यांना मला टांगले. जो इतकी वर्षे उभा होता, तो आता लोंबकळू लागला.

इझाबेल तेव्हा तरुण होती. तिच्या भावाने तिसरा खांब पहारीने उचकटायला घेतला तेव्हा तिने तो घट्ट धरून ठेवला. "काय वेडेपणा हा इझी, लाकूड आहे ते!" असे म्हणत त्याने तिची बोटे सोडवली. चारही खांब गाडीत घालून मळ्यावर नेले आणि मेंढ्यांच्या वाड्याला लावले. फुटपाथवर राहिलेल्या खड्ड्यांत डांबर ओतले. ते काळे गोल ठिपके पुढे कितीतरी वर्षे तसेच होते.

पाय कापलेल्या माणसाला तो पाय दुखतच राहतो म्हणतात. माझे तसेच झाले. जिथे काही नव्हते तिथे मला घोड्याच्या लगामाची ओढ जाणवे, गड्याची पाठ जाणवे. लोक त्या ठिपक्यांना वळसा घालून चालत. विचारले असते तर त्यांना कारण सांगता आले नसते. आणि इझाबेल फुटपाथवरून रस्त्यावर उतरताना तिसऱ्या ठिपक्यापाशी हात पुढे करी, हवेतच काहीतरी धरी आणि मग पाऊल खाली टाकी. आधी ती ते गमतीने करायची. पुढे ती म्हातारी झाली, तेव्हा तिला तिथे खांब नाही हे आठवेनासे झाले.

पुढे व्हूला आणि तिचा नवरा थिओ ग्रीसमधल्या एका बेटावरून इथे आले आणि हे दुकान त्यांनी भाड्याने घेतले. तेव्हा दुकानाचा मालक झाला होता कीथ टनब्रिज, इझाबेलच्या त्याच भावाचा मुलगा. माझे सुखाचे दिवस आले. थिओने माझ्या पुढच्या कडेला एक मोठी पाटी टांगली, लोखंडी चौकटीत काचेच्या नळ्या, दिवेलागणीला निळ्या होणाऱ्या. पाटी वजनदार होती. ती चढवताना शिडी खुद्द कीथने धरली होती, आणि दिवा लागला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तो पहिला होता. हे लक्षात ठेवा. शाळेची बस माझ्यापुढे थांबायची, पोरे मिल्कशेकचे पेले घेऊन माझ्या सावलीत रांगेने बसायची. परगावची माणसे माझे फोटो काढायची.

एका हिवाळ्यात थिओच्या छातीत कळ आली आणि तो गेला. व्हूलाने काळे कपडे घातले आणि दुकान चालू ठेवले. इझाबेल रोज सकाळी यायची. सारे गाव तिला आत्या म्हणत असे. तिसऱ्या ठिपक्याजवळच्या बाकावर ती बसायची. चहा आणि मनुकांच्या पावाचा टोस्ट, वर भरपूर लोणी. गिऱ्हाईक नसले की व्हूलाही तिच्याशेजारी येऊन बसे. दोघी फारसे बोलत नसत. एकीला गेलेल्या माणसाविषयी बोलायचे नव्हते आणि दुसरीला आपली माणसे आठवत नव्हती, तरी दोघींची गट्टी होती.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. कठड्यामागे छपराचे पाणी वाहून नेणारी एक पन्हळ आहे. भाडेकरारात असे होते की पन्हळ साफ करायची भाडेकरूने आणि दुरुस्त करायची मालकाने. थिओ होता तोवर तो शिडी लावून वर चढे आणि झाडाचा पाला काढी. तो गेल्यावर कुणी चढले नाही. पाला कुजला, पन्हळीला भोक पडले, पाणी विटांत शिरले आणि विटांतून माझ्या सळ्यांच्या मुळाशी गेले. गंज आवाज करत नाही, मित्रांनो. तो आतल्या आत जेवत राहतो.

एके सकाळी आत्याच्या पांढऱ्या टोपीवर तपकिरी थेंब पडला. तिने वर पाहिले.

"अगं व्हूला, हा छज्जा रडतोय बघ."

व्हूलाने टोपी धुऊन दिली आणि कीथला बोलावले. तो आला, खिशात हात घालून वर बघत उभा राहिला.

"पन्हळ तुंबली असेल. साफ करणं तुझं काम आहे, व्हूला. थिओ करायचा."

"साफ काय करू? भोक पडलंय तिला. भोक कसं साफ करतात ते तूच दाखव मला."

"पाला कुजला म्हणून भोक पडलं. पाला तू काढायचा होतास."

"पन्हळ तुझ्या पणजोबांच्या वेळची आहे, कीथ! ती पाल्यानं नाही, म्हातारपणानं गेली."

"बरं, पन्हळीचं बघू. पण ह्या छज्ज्याला एवढी जड पाटी कुणी टांगली?"

"शिडी कुणी धरली होती?" व्हूला म्हणाली.

दोघांनी करार काढून पाहिला. दुकानाची आतली बाजू, दार, काचा आणि रंग ही कामे भाडेकरूची. भिंती आणि छप्पर मालकाचे. मी आतला नव्हतो, भिंत नव्हतो आणि छप्परही नव्हतो. माझे नावच त्यात कुठे नव्हते. कीथ म्हणाला, छज्जा फुटपाथवर आहे, फुटपाथ नगरपालिकेचा. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, फुटपाथ आमचा, पण हवेत लोंबतंय ते आमचं नाही. तीन तिघाडा, काम बिघाडा. माझे घोंगडे भिजत पडले ते पडलेच.

त्यात कराराचे नूतनीकरण आले. त्या वेळी दर्शनी भाग रंगवून द्यायचा, हे मात्र करारात स्वच्छ लिहिले होते. व्हूला शब्दाची पक्की. तिने मला दुधी आणि हिरवा रंग दिला. माझ्या सळ्या जिथे भिंतीत शिरतात तिथे गंजाचे पोपडे आले होते. त्यावरही ब्रश फिरला, जाडजाड. साऱ्या गावाने माझे कौतुक केले. कीथ म्हणाला, "बघ, नव्यासारखा दिसतो! उगाच घाबरतेस." व्हूलालाही ते ऐकून बरे वाटले. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, अशी माझी गत झाली. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण पत्र्याला वाऱ्याशिवाय वाचा नसते.

उन्हाळा सरता सरता मी पुढच्या बाजूला झुकलो. दुकानाचे जाळीचे दार उघडताना माझ्या खालच्या बाजूला घासू लागले. व्हूला एका दुपारी बाहेर आली, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग लाकडाच्या वखारीत गेली. येताना तिने एक जाड सोट आणला आणि माझ्याखाली टेकू दिला. योगायोग म्हणा की काय म्हणा, तो बरोबर तिसऱ्या ठिपक्यावर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. सवयीप्रमाणे तिने हात पुढे केला आणि या खेपेला हाताला लाकूड लागले. ती थबकली. दोन्ही हातांनी तिने त्याला चाचपले.

"आला का गं परत? कुठं होता इतके दिवस?"

"मळ्यावर गेला होता, आत्या," व्हूला म्हणाली. "मेंढ्या राखायला."

आत्या हसली. थोडेच दिवस, मित्रांनो, फार थोडे, पण मी पुन्हा उभा होतो. ती रोज येऊन त्या टेकूला धरून अर्धी गिरकी घेई. पूर्ण घ्यायला गुडघे तयार नव्हते.

मग नगरपालिकेचा माणूस आला. माणूस भला होता. टोपी काढून म्हणाला, "बाई, फुटपाथवर खांब चालत नाही. नियम आहे, माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचा." पाठोपाठ कीथ आला. "हे तू तुझ्या मनानं लावलंस ना? मग आता छज्जा तुझा. उद्या काही झालं तर माझ्या दारात यायचं नाही." व्हूलाने शहरातल्या आपल्या वकील भाच्याला फोन लावला. फोन दाराजवळच होता आणि भाच्याचा आवाज मोठा.

"मावशी, हात लावू नकोस त्याला! एकदा तू दुरुस्ती केलीस की जन्मभर तुझ्या गळ्यात पडेल ते. आधी तो टेकू काढ. मी मालकाला नोटीस पाठवतो. झक मारत करेल."

"अरे, पण पडला तर?"

"पडला तर त्याचा पडेल. तू हात लावलास तर तुझा पडेल."

व्हूलाने स्वतः हातोडा घेऊन टेकू काढला. ती काही निष्काळजी नव्हती. तिने आत्याची खुर्ची आत खिडकीशी मांडली आणि तिला सांगितले, "थोडेच दिवस, आत्या. कागद येऊ दे." आत्या आत बसून काचेतून बाहेर बघत राहायची. "माझा खांब कुठं गेला गं?" हे ती रोज विचारायची, आणि व्हूलाला रोज नवे उत्तर शोधावे लागे.

मग एका दुपारी आभाळ हिरवट काळे झाले. इथे आभाळ हिरवे दिसले की माणसे मोटारी झाकायला धावतात. गारा आल्या. रस्त्यावरचे लोक पळत माझ्याखाली आले, तशी व्हूला दारात उभी राहून ओरडू लागली, "खाली नका थांबू! आत या, सगळे आत या!" एकेकाचा हात धरून तिने त्यांना आत ओढले. त्या गर्दीतून, सगळे आत येत असताना, एक जण उलट बाहेर पडली. तिचे वजन कितीसे असणार? कुणाला धक्काही लागला नाही.

"भिजेल ना तो," एवढेच ती म्हणाली. मी ऐकले.

आत्या तिसऱ्या ठिपक्यापाशी गेली. तिने हात पुढे केला आणि हवेत मूठ मिटली. वारा सुटला की लहानपणी ती अशीच खांबाला धरून उभी राहायची. माझ्या पाठीवर गारांचा ढीग चढत होता. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, हे तुम्ही माना किंवा न माना. धरायला माझ्याकडे काही नव्हते. तिसरी सळई विटेसकट निखळली, मग पाटीच्या वजनाने दुसरी ओढली गेली, आणि मी खाली आलो.

समोरच्या बाजूला कीथची गाडी उभी होती. तो गारांतून धावत आला. व्हूलाने माझी एक कड धरली, त्याने दुसरी.

"उचल, व्हूला!"

"उचलतेय! तू उचल!"

इतकी वर्षे मला हात लावायला दोघे भीत होते. आता दोघांनी मिळून लावला. माझ्या पत्र्याने त्यांचे हात कापले, तरी त्यांनी सोडले नाही. आत्या माझ्याखाली शांत पडली होती. तिची उजवी मूठ मिटलेली होती, काहीतरी धरल्यासारखी. ती शेवटपर्यंत कुणाला उघडता आली नाही.

पुढे चौकशा झाल्या, वकील आले. मला त्यातले फारसे ठाऊक नाही, कारण माझा ढिगारा कीथच्या मळ्यावर नेऊन टाकला होता, मेंढ्यांच्या वाड्यापाशी. तिथे, मित्रांनो, मला माझे पाय भेटले. चारही होते. मेंढ्यांनी अंग घासून घासून ते तेलकट केले होते. तिसरा अजून सर्वांत गुळगुळीत होता. आम्ही बोललो नाही. काय बोलणार? आमच्या मधली जी होती ती राहिली नव्हती. तरी कधी वारा नसतानाही तो खांब हलके कुरकुरे, कुणीतरी त्याला धरून वळल्यासारखा. मेंढ्या त्या वेळी त्याच्यापासून दूर सरकत.

कीथ संध्याकाळी येऊन कुंपणावर बसायचा. त्याची कुत्रीसुद्धा त्याच्याजवळ जात नसे. एकदा व्हूलाची गाडी आली. दुकान तिने बंदच ठेवले होते. ती माझ्या ढिगाऱ्यापाशी उभी राहिली आणि बोटाने माझ्यावरचा हिरवा रंग खरवडू लागली. खालून तपकिरी भुगा सांडला.

"हे बघ, कीथ. गंज दिसत होता मला. त्याच्यावर मी रंग मारला."

"रंग मारायला करारानं लावलं होतं. करार माझा होता."

"टेकू मी काढला. ह्या हातांनी."

"काढायला मी लावलं. आत्या माझी होती, व्हूला. छज्जा माझ्या पणजोबांनी बांधला. माझंच काम होतं ते."

"तुझं कसं? रोज वर बघत होते मी. माझं काम होतं."

"माझं म्हणतोय ना मी!"

"ओरडू नकोस माझ्यावर! माझं होतं!"

दोघे भांडत होते आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मेंढ्या रवंथ थांबवून बघत होत्या. जन्मभर मी 'तुझे, तुझे' ऐकत आलो होतो. आता दोन माणसे मला 'माझे, माझे' म्हणत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता ते मिटले होते, आणि नंतर आलेल्या शब्दाने पत्रा सांधला जात नाही.

तोवर नगरपालिकेचा नियमही बदलला होता. जुन्या छज्ज्यांना खांब लावायला आता परवानगी मिळत होती. कीथने फुटपाथवरचे डांबराचे ठिपके खणले आणि माझे चारही पाय जिथल्या तिथे आणून रोवले. सळ्या नव्या घातल्या, पन्हळ नवी घातली, माझे जे पत्रे धड होते ते वापरले. थिओची पाटी आता आत भिंतीवर आहे. नव्या करारात माझे नाव आहे. लोखंड, खांब आणि पन्हळ मालकाची. पाला आणि रंग भाडेकरूचा. पण रंगाचा डबा उघडण्याआधी दोघांनी मिळून वर चढून बघायचे. आधी व्हूला चढते, मग कीथ. शिडी कीथ धरतो आणि व्हूला वरून ओरडते, "नीट धर, झोपलास काय!" त्याच्या उत्तरात पूर्वीचा ताठा नसतो.

आता मी भक्कम आहे. तरीही, मित्रांनो, कुणी नसताना, रस्ता रिकामा असताना, तिसऱ्या खांबाला एक हात लागतो. हलका असतो. एका बाजूने येतो, अर्धा वळसा घेतो आणि सुटतो. मी वाट बघतो, पण पुढचा अर्धा वळसा येत नाही.

म्हणून माझे एवढे ऐका. कुणाच्याही सावलीत उभे राहिलात तर एकदा वर बघा. तपकिरी थेंब पडला तर तो पुसून टाकू नका. काम कुणाचे हे ठरवायला वेळ लागतो आणि लागावा. तोवर टेकू राहू द्या.

परवा बाहेरगावची एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन इथे थांबली होती. मुलीने तिसरा खांब पाहिला आणि दोन्ही हात पसरून त्याच्याकडे धावली. आई म्हणाली, "ए, हात नको लावूस, आपला नाहीये तो!"

आत पेले खणखणले. एरवी व्हूला पुढच्या दाराने बाहेर येत नाही. मागच्या गल्लीतून येते आणि तिथूनच जाते. त्या दिवशी ती आली. एप्रनला हात पुसत उंबऱ्यावर उभी राहिली आणि केवढ्याने तरी ओरडली,

"लावू दे! लावू दे तिला हात. तिचाच आहे तो."